टोकन घेतलंत, तर मतही द्या

हे आवाहन ज्यांच्याकडे एखाद्या ब्लॉकचेनचं किंवा डाओचं (टोकनधारकांच्या मतांवर चालणाऱ्या संघटनेचं) टोकन आधीच आहे, त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांनी हे वाचून टोकन घ्यायला धावू नये. तशी शिफारस यात कुठेही सापडणार नाही. पण घेतलं असेल, तर त्याबरोबर एक कामही तुमच्या अंगावर आलं आहे: सामाईक खजिन्यावर लक्ष ठेवायचं आणि मत द्यायचं. बहुतेक टोकनधारक हे काम करत नाहीत. कित्येकांना ते आपलं आहे हेच ठाऊक नसतं.

मुळात व्यवस्था अशी असते. कंपनीला संचालक मंडळ असतं, तसं या ब्लॉकचेन साखळ्यांना नसतं, निदान कागदावर तरी नसतं. नियम बदलायचे, फी ठरवायची, खजिन्यातून कुणाला किती पैसे द्यायचे, हे सगळं टोकनधारकांच्या मतांनी ठरतं. कुणीही ठरावीक अटी पाळून प्रस्ताव मांडतो, ठरावीक दिवस मतदान चालतं आणि मंजूर झालेला प्रस्ताव पुष्कळ ठिकाणी कोडच अमलात आणतो. मधे सही करणारा खजिनदार नसतो, चेक अडवणारा बँक मॅनेजरही नसतो. म्हणून मतदानात जी ढिलाई होते, तिची किंमत थेट खजिन्याला मोजावी लागते.

एका रविवारचं मतदान

एक मतदान जरा जवळून पाहू. कंपाउंड ही क्रिप्टो तारण ठेवून कर्ज देणारी-घेणारी जुनी, नावाजलेली व्यवस्था. तिचं टोकन कॉम्प, एकूण संख्या १ कोटी. जुलै २०२४ मध्ये तिथे २८९ क्रमांकाचा प्रस्ताव आला. खजिन्यातले ४,९९,००० कॉम्प, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर, एका नव्या गुंतवणूक योजनेत टाकायचे, असा तो प्रस्ताव. योजना बनवणाऱ्या गटाचं नाव 'गोल्डन बॉईज'. त्यांचा म्होरक्या 'हम्पी' या टोपणनावाने वावरणारा एक बडा टोकनधारक. याच गटाचे अशाच धर्तीचे आधीचे प्रयत्न फसले होते. कंपाउंडची सुरक्षा पाहणाऱ्या ओपनझेपलिन कंपनीच्या सल्लागाराने उघडपणे धोक्याचा इशाराही दिला होता.

मतदान संपलं २८ जुलैला, रविवारी. बाजूने ६,८२,१९१ मतं पडली, विरोधात ६,३३,६३६. प्रस्ताव मंजूर.

आता बेरीज करा. दोन्ही बाजूंची मिळून मतं भरतात १३,१५,८२७. एकूण १ कोटी टोकनांपैकी जेमतेम १३ टक्के. काही टोकनं खजिन्यातच पडून होती हे धरलं, तरी बहुसंख्य टोकनधारक त्या शनिवार-रविवारी या मतदानाकडे फिरकलेच नाहीत. जय-पराजयातला फरक होता ४८,५५५ मतांचा, म्हणजे एकूण टोकनांच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तेवढ्यावर २ कोटी ४० लाख डॉलरचा निकाल लागला.

नंतर आरडाओरडा झाला. बोलणी झाली आणि दोन दिवसांत तडजोड निघाली: हम्पीने प्रस्ताव मागे घ्यायचा, बदल्यात व्यवस्थेच्या कमाईतला वाटा टोकनधारकांना देणारी योजना आणायची. मंजूर प्रस्ताव अमलात येण्याआधी दोन दिवस थांबावं लागतं, असा कंपाउंडचा नियम आहे. ती सवड होती म्हणून पैसे वाचले.

यात हॅकिंग झालं का? नाही. कुलूप कुणी फोडलं नाही, किल्ली कुणी चोरली नाही. नियमाप्रमाणे प्रस्ताव आला, नियमाप्रमाणे मतं पडली. याला दरोडा म्हणायचं की हक्काचं मतदान, यावर आजही दोन मतं आहेत. माझ्या मते हा वाद दुय्यम आहे. बहुसंख्य टोकनं गप्प बसली, म्हणून ही वेळ आली.

गैरहजेरी स्वस्त नसते

हाउसिंग सोसायटीत राहणाऱ्याला हे नवीन नाही. वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही, सभा अर्धा तास तहकूब होते, मग त्याच जागी हजर असतील तेवढ्या सभासदांत रंगकामाचा ठेका मंजूर होतो. पुढे वर्षभर जिन्यात कुरकुर चालते. पण सोसायटीत निदान एका सभासदाला एकच मत असतं. टोकनांच्या जगात जितकी टोकनं तितकी मतं. चेनालिसिस या संस्थेने २०२२ मध्ये दहा मोठ्या डाओंचा हिशोब मांडला, तेव्हा एक टक्क्याहून कमी धारकांच्या हाती ९० टक्के मतशक्ती असल्याचं दिसलं. अशा ठिकाणी लहान धारक घरी बसले की मोठ्यांना रान मोकळंच.

गैरहजेरीचा दुसरा नमुना बीनस्टॉक या आणखी एका क्रिप्टो व्यवस्थेचा. १७ एप्रिल २०२२ रोजी एका हल्लेखोराने सुमारे १ अब्ज डॉलरचं फ्लॅश लोन उचललं. हे कर्ज घेणं आणि फेडणं एकाच व्यवहारात, काही सेकंदांत होतं. त्या पैशांतून त्याने दोन तृतीयांशाहून जास्त मतशक्ती मिळवली, स्वतःचाच प्रस्ताव मंजूर केला आणि खजिना रिकामा करून कर्ज फेडून टाकलं. व्यवस्थेचं नुकसान सुमारे १८ कोटी २० लाख डॉलरचं. पण तातडीच्या मंजुरीसाठीही प्रस्ताव आधी एक दिवस दाखल असावा लागे, आणि तो तसा होताही. जवळपास चोवीस तास तो उघड्यावर पडून होता. धोक्याची घंटा कुणी वाजवली नाही.

तिसरा प्रकार अलीकडचा आणि जास्त चलाखीचा आहे: मत भाड्याने घेणं. एप्रिल २०२५ मध्ये आर्बिट्रम या ब्लॉकचेनच्या डाओत एका देखरेख समितीसाठी निवडणूक होती. लॉबीफाय नावाच्या सेवेवरून एकाने ५ ईथर मोजून सुमारे १ कोटी ९३ लाख टोकनांची मतशक्ती त्या निवडणुकीपुरती विकत घेतली. तेव्हा ५ ईथर म्हणजे दहा हजार डॉलरच्या आसपास, आणि ज्या टोकनांच्या नावाने मत पडलं त्यांची किंमत साठ लाख डॉलरहून जास्त. हे घडलं कसं? धारकांनीच थोड्या कमाईच्या आशेने आपलं मत त्या सेवेच्या स्वाधीन केलं होतं. आपलं मत कुठे गेलं, याची चौकशी करायची तसदी फारसं कुणी घेतली नाही.

खजिना भरतो कोण?

'तो पैसा माझा थोडाच आहे?' असं कुणी म्हणेल. तुमचाच आहे.

पोलकाडॉट या ब्लॉकचेनचं उदाहरण घ्या. तिथे खजिन्यात येणारा मोठा भाग नव्याने छापलेल्या टोकनांतून येतो. २०२४ च्या अखेरीस टोकनधारकांच्या मतानेच ठरलं की वर्षाला १२ कोटी नवे डॉट काढायचे आणि त्यातले १५ टक्के, म्हणजे १ कोटी ८० लाख, खजिन्यात टाकायचे. नवी टोकनं आली की तुमच्याकडच्या जुन्या टोकनाचा एकूणातला हिस्सा आपोआप घटतो. तुमच्या खात्यातून काही वजा झालेलं दिसत नाही, पण वर्गणी मात्र कापली जाते.

आता खर्च पाहा. २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत पोलकाडॉटच्या खजिन्याने सुमारे ८ कोटी ७० लाख डॉलर खर्च केले. त्यातले सुमारे ३ कोटी ७० लाख गेले प्रसिद्धीवर: जाहिराती, प्रायोजकत्व, समारंभ, समाजमाध्यमांवरचे प्रभावशाली चेहरे. हा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा गदारोळ उठला. याच वेगाने खर्च चालला तर शिल्लक साधारण दोन वर्षं पुरेल, असंही तेव्हा बोललं गेलं. पण त्या प्रसिद्धीच्या खर्चावर मतदान झालं होतं. चोरून काहीही झालं नव्हतं. गदारोळ करणाऱ्यांतल्या किती जणांनी त्या प्रस्तावांवर मत दिलं होतं, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारायला हवा होता.

जाहिरात करू नये असं माझं म्हणणं नाही. पण प्रसिद्धीच्या खर्चाचं फळ मोजणं अवघड असतं, म्हणून तिथेच हात सैल सुटतो. त्यातून बरेच खजिने स्वतःच्याच टोकनात ठेवलेले असतात. तेजीत खजिना फुगलेला दिसतो, मागणाऱ्यांची रांग लागते, मंजुऱ्या भराभर होतात. मंदी आली की तेच टोकन निम्म्यावर येतं आणि ज्या प्रोग्रामरांच्या जिवावर साखळी चालते, त्यांचेच पगार थकतात.

थोड्या आवाजानेही फरक पडतो

'माझ्या दोनशे टोकनांनी काय होणार?' हा प्रश्न रास्त आहे. नुसत्या अंकगणितात फार काही होणार नाही. पण आर्बिट्रममध्ये २०२३ साली काय झालं ते पाहा.

मार्चअखेरीस टोकनवाटप झालं आणि लगेच पहिला मोठा प्रस्ताव आला. फाउंडेशनला ७५ कोटी टोकनं द्यायची, म्हणजे एकूण १० अब्जांतली साडेसात टक्के. मतदान सुरू असतानाच लोकांच्या लक्षात आलं की यातला काही भाग आधीच हलवलेला आहे. ४ कोटी टोकनं एका व्यापारी संस्थेला उसनी दिली होती, १ कोटी विकून रोख केली होती. फाउंडेशनने सांगितलं, हे मतदान मंजुरीसाठी नव्हतंच, झालेल्या निर्णयावर शिक्कामोर्तब करण्यासाठी होतं. लोक बिथरले. सत्तर टक्क्यांहून अधिक मतं विरोधात गेली. फाउंडेशनला प्रस्तावाचे तुकडे करावे लागले, हिशोब जाहीर करावा लागला आणि उरलेली टोकनं चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतील अशी अट घालून घ्यावी लागली.

लहान धारकांनी तिथे दोन गोष्टी केल्या: वाचलं आणि जाहीरपणे विचारलं. मोठ्या धारकांनाही मग उघड्यावर बाजू घ्यावी लागली.

तर आता काय करायचं?

पहिलं काम, तुमचं टोकन कुठे आहे ते बघा. एक्सचेंजवर ठेवलेल्या टोकनाचं मत साधारणपणे तुम्हाला देता येत नाही, कारण साखळीच्या नोंदीत ते एक्सचेंजच्या वॉलेटमध्ये असतं. मत द्यायचं तर स्वतःचं वॉलेट हवं. वॉलेटची किल्ली सांभाळणं जमणार नसेल, तर मतासाठी पैसा धोक्यात घालू नका, हेही तितकंच स्पष्ट सांगतो. आणि मतदानाच्या नावाखाली कुणी तुमचे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द मागितले, तर तो भामटा आहे. मतदानाला ते शब्द कधीच लागत नाहीत.

दुसरं, मत आधी जागं करा. कंपाउंड, युनिस्वॅप यांसारख्या ठिकाणी टोकन नुसतं वॉलेटमध्ये असून मत मोजलं जात नाही. ते स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या नावे प्रतिनिधित्वासाठी नोंदवावं लागतं, तेही मतदान सुरू होण्याआधी. मोजणी त्या क्षणाच्या नोंदीवरून होते. बीनस्टॉकसारखा झटपट डाव इथे याच नियमामुळे अडतो, पण ऐन वेळी जागे होणारेही याच नियमात अडकतात. म्हणून ही नोंदणी आजच करून ठेवा.

तिसरं, प्रत्येक प्रस्ताव वाचायला वेळ नसेल तर प्रतिनिधी नेमा. वेळ कुणाकडेच नसतो, आणि दर आठवड्याला दहा प्रस्ताव वाचा असं सांगणं हा सल्ला नव्हे. प्रतिनिधी निवडताना त्याचं प्रोफाइल किती झकपक आहे ते पाहू नका. त्याने मागच्या सहा महिन्यांत किती मतदानांत भाग घेतला, मतामागचं कारण लिहिलं का, खजिन्यातून स्वतः पैसे घेणाऱ्या एखाद्या गटाशी त्याचा संबंध आहे का, हे पाहा. त्याने दिलेली मतं तरी उघड पाहता येतात. टोकन त्याच्याकडे जात नाही, फक्त मत जातं, आणि ते तुम्ही कधीही काढून घेऊ शकता. सगळेच एका नावाजलेल्या प्रतिनिधीच्या मागे लागले तर नवा सावकार तयार होतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या फळीतला, अभ्यासू माणूस शोधा.

चौथं, निदान मोठ्या खर्चाचे प्रस्ताव स्वतः वाचा. मागणारा कोण आहे, याआधी त्याला किती मिळालं, त्यातून काय उभं राहिलं? पैसे एकरकमी मागतोय की काम दाखवून हप्त्याने? रक्कम टोकनात मागितली आहे की स्टेबलकॉइनमध्ये, आणि भाव वाढला तर जादा रक्कम परत येणार का? काम फसलं तर पैसे अडवणार कोण? खर्चाचा हिशोब कुठे आणि कधी लागणार? या प्रश्नांची सरळ उत्तरं प्रस्तावात नसतील तर विरोधात मत द्या. शंका आली की तटस्थ राहणं सभ्यपणाचं वाटतं, पण खजिन्याच्या बाबतीत नकार हाच सुरक्षित पर्याय आहे. चांगलं काम करणारा माणूस सुधारलेला प्रस्ताव घेऊन पुन्हा येतोच.

पाचवं, नियम सुधारणाऱ्या प्रस्तावांना पाठबळ द्या. मंजुरी आणि अंमलबजावणी यांत सक्तीची सवड असावी. रक्कम मोठी तशी गणपूर्तीची अट कडक असावी. लहानसहान खर्च मर्यादित रकमेच्या, केव्हाही हटवता येईल अशा समितीकडे सोपवावेत, म्हणजे लोकांना मोजक्या पण महत्त्वाच्या मतदानांकडे लक्ष देता येईल. मुंबईत २०१७ मध्ये मॅटिक म्हणून सुरू झालेल्या पॉलिगॉनने सामुदायिक खजिन्यासाठी वेगळं मंडळ नेमण्याचा मार्ग घेतला. मंडळ असलं तरी त्याचा हिशोब मागणारे हवेतच. ऑप्टिमिझमने आणखी एक वाट काढली: आधी काम करून दाखवा, उपयोग सिद्ध झाला की मोबदला घ्या. या योजनेच्या तिसऱ्या फेरीत ३ कोटी टोकनं अशी वाटली गेली.

मतदान वाढवण्यासाठी बक्षीस द्यावं का? माझं मत विरोधात आहे. बक्षिसासाठी पडलेलं मत न वाचता पडतं, आणि न वाचलेल्या मतांची गर्दी ही कमी मतदानापेक्षा वाईट. कार्डानोने घेतलेला मार्ग मला अधिक पटतो. जानेवारी २०२५ पासून तिथे स्टेकिंगची कमाई काढायची असेल तर आधी आपलं मत कुणाच्या तरी नावे नोंदवावं लागतं. 'मी तटस्थ' असंही नोंदवता येतं, पण काहीच न सांगता गप्प बसता येत नाही. निर्णय तुमचा, पण तो घ्यावा मात्र लागतो.

सावधगिरीचे दोन शब्द

मत देण्याला कायद्याची बाजूही आहे. अमेरिकेच्या वायदा बाजार नियामकाने २०२२ मध्ये ऊकी डाओवर दावा लावला, तेव्हा ज्यांनी मतदानात भाग घेतला ते टोकनधारक म्हणजे त्या संघटनेचे सदस्य, अशी भूमिका घेतली. जून २०२३ मध्ये न्यायालयाने डाओला ६,४३,५४२ डॉलर दंड ठोठावला. ती व्यवस्था बेकायदा व्यापार चालवत असल्याचा ठपका होता. म्हणून ज्या डाओचा धंदाच संशयास्पद वाटतो, तिथे मतदान करून सुधारणा घडवण्याच्या भरीला पडू नका, बाहेर पडा.

दुसरा शब्द मित्रमंडळींविषयी. मराठी टेलिग्राम गटांत 'अमुक प्रस्तावाला हो म्हणा, भाव चढेल' असे निरोप फिरतात. भाव चढवणारा प्रस्ताव आणि खजिना शाबूत ठेवणारा प्रस्ताव हे दर वेळी एकच नसतात. निरोप पाठवणाऱ्याला विचारा, तू तो वाचलास का?

भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस पडतो, हे पत्करून तुम्ही हे टोकन सांभाळता. इतकी किंमत मोजून घेतलेल्या मालकीत मताचा हक्कही आलाच. या आठवड्यात अर्धा तास काढा. टोकन कुठे आहे ते पाहा, मत नोंदवा किंवा प्रतिनिधी नेमा, आणि दर सहा महिन्यांनी त्याने तुमच्या नावावर काय केलं ते तपासा. एवढंही करायचं नसेल तर ते टोकन विकून टाका. न वापरलेलं मत आज ना उद्या दुसऱ्याच्या कामी येतं, आणि त्याचं बिल तुमच्या नावावर फाटतं.